अंदमानात स्कूबा करायचंय? मग सहलीचा क्रम उलटा करा

अंदमानच्या मराठी सहलीचा एक ठरलेला साचा आहे. उतरलं की सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, संध्याकाळी लाइट अँड साउंड शो. दुसऱ्या दिवशी फेरीने हॅवलॉक, राधानगरचा सूर्यास्त. मग नील, मग परत. या कार्यक्रमपत्रिकेत कुठेतरी 'स्कूबा डायव्हिंग (ऐच्छिक)' अशी एक ओळ असते. तिच्या वाट्याला एक सकाळ येते, त्यातली पाण्याखालची मिनिटं वीस-पंचवीस, आणि त्यातलीही निम्मी व्हिडिओसाठी हात हलवण्यात जातात. परत आल्यावर माणूस सांगतो, "केलं बुवा स्कूबा. मासे होते छान."

तेवढंच हवं असेल तर टूर कंपनी पुरेशी आहे. पण कासव चरताना निवांत बघायचं असेल, खडकासारखा दिसणारा ऑक्टोपस शोधायचा असेल, तर सहल समुद्राभोवती आखावी लागते. डाइव्हचे दिवस आधी, सलग. जेल, बाजार, नातेवाइकांसाठीची खरेदी शेवटी. हा क्रम केवळ आवडीनिवडीचा नाही, त्यामागे शरीरशास्त्राचं कारण आहे. ते पुढे येईलच.

नावांबद्दल दोन वाक्यं, म्हणजे तिकीट काढताना गोंधळ नको. पोर्ट ब्लेअर सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं; हॅवलॉक डिसेंबर २०१८ पासून स्वराज द्वीप आणि नील शहीद द्वीप. तिकिटावर यातलं कुठलंही नाव दिसू शकतं, बोलण्यात मात्र अजून जुनीच चालतात, म्हणून इथेही तीच वापरतो.

पहिला निर्णय: एक डुबकी की पूर्ण कोर्स

नवख्यासाठी दोन रस्ते आहेत. पहिला 'डिस्कव्हर स्कूबा' किंवा ट्राय डाइव्ह. पोहता येण्याची अट नाही, वय १० पूर्ण हवं. थोडी माहिती, उथळ पाण्यात सराव, मग इन्स्ट्रक्टर तुमच्या सिलिंडरला मागून धरून फिरवून आणतो. खोली जास्तीत जास्त १२ मीटर, बहुतेकदा त्याहून कमीच.

दुसरा रस्ता 'ओपन वॉटर' कोर्सचा. पाडी किंवा एसएसआय या संस्थांचं प्रमाणपत्र मिळतं, ते जगभर चालतं आणि त्यावर तुम्ही जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाऊ शकता. साडेतीन-चार दिवस लागतात. थिअरी घरबसल्या ऑनलाइन करता येते. पोहण्याची परीक्षा असते: कुठल्याही पद्धतीने, वेळेचं बंधन न ठेवता २०० मीटर (किंवा मास्क-फिन्स-स्नॉर्केल लावून ३००), आणि आधाराशिवाय १० मिनिटं तरंगणं. सोसायटीच्या तलावात आडवे-तिडवे हात मारत का होईना, पण न दमता पोहणाऱ्याला हे जमतं.

माझं मत विचाराल तर, पोहता येत असेल आणि चार दिवस काढता येत असतील तर सरळ कोर्स करा. ट्राय डाइव्हमध्ये माणसाचं लक्ष स्वतःवरच असतं: श्वास नीट चाललाय ना, कान दुखतोय का, मास्कमध्ये पाणी आलं की काय. जरा स्थिरावून आजूबाजूला बघू लागेपर्यंत वर जायची वेळ होते. कोर्सच्या तिसऱ्या-चौथ्या डाइव्हला हात-पाय शांत होतात आणि तेव्हा मासे दिसायला लागतात. मासे आधीही असतातच, फक्त आपण धडपडत असल्यामुळे ते लांब राहतात.

पोहता येत नसेल तर एकाऐवजी दोन ट्राय डाइव्ह करा, दोन वेगळ्या दिवशी. दुसऱ्या दिवशीची मजा पहिल्याच्या दुप्पट असते. खर्चाचा अंदाज म्हणून एका ट्राय डाइव्हला पाच ते आठ हजार आणि ओपन वॉटर कोर्सला तीस हजारांच्या आसपास धरून चाला. हंगाम आणि सेंटरप्रमाणे आकडा वर-खाली होतो. पॅकेजमध्ये 'फ्री स्कूबा' दिसली तर ती कुठे, किती मिनिटं आणि एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, हे विचारल्याशिवाय खूश होऊ नका.

रजा कमी असणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. कोर्सची थिअरी आणि स्विमिंग पूलमधला भाग मुंबई-पुण्यातच एखाद्या प्रमाणित इन्स्ट्रक्टरकडे उरकायचा आणि समुद्रातल्या चार डाइव्ह तेवढ्या अंदमानात करायच्या. याला 'रेफरल' म्हणतात. पाडीचं रेफरल वर्षभर चालतं. हॅवलॉकमध्ये दोन दिवस वाचतात, आणि मास्क काढून परत घालण्यासारखे नकोसे सराव क्लोरिनच्या पाण्यातच होऊन जातात.

"आधी मालवणला करून बघू का?" हा प्रश्न हमखास येतो. बघा की. तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि तोंडाने श्वास घेणं आपल्याला मानवतं का, हे तिथे कमी खर्चात कळतं. फक्त तिथल्या पाण्यावरून स्कूबाबद्दल मत बनवू नका. कोकण किनाऱ्याला गाळ जास्त, त्यामुळे दृश्यमानता कमी. काही बोटींवर पाठीवर सिलिंडर नसतोच, वरच्या कॉम्प्रेसरमधून नळीने हवा येते. तो प्रकार वेगळा, हे माहीत असू द्या. आणि मासे जमवायला पाव टाकणाऱ्या बोटीवर शक्यतो जाऊ नये.

तारखा: हंगाम बघा, मग तिथीही बघा

अंदमानात डायव्हिंगचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत. त्यातही फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यात चांगला. समुद्र शांत असतो, पाणी काचेसारखं, तापमान २८-२९ अंशांच्या घरात. दिवाळीची सुट्टी आपल्याला सोयीची, पण समुद्राला नाही: तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस असतो आणि बंगालच्या उपसागरात वादळं होण्याचाही तोच काळ. नाताळात हवा बरी असते, पण गर्दी आणि भाव दोन्ही चढे. मुलांच्या परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या मध्याला जाता आलं तर उत्तम. जमिनीवर उकडेल, पण तुम्ही पाण्यात असणार. मेच्या उत्तरार्धापासून मोसमी वारे सुरू झाले की बऱ्याच जागा बंदच होतात.

आता कालनिर्णय काढा. अमावस्या-पौर्णिमेला आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक मोठा आणि पाण्याखालचे प्रवाह जोराचे. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग, तेव्हा पाणी संथ. कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला हे सांगावं लागत नाही, पण शहरातून विमानाचं तिकीट काढणारे आपण हे कधी बघत नाही. पहिल्यांदाच डाइव्ह करणाऱ्याने आपले पाण्यातले दिवस भांगाच्या आसपास येतील असं बघावं. डाइव्ह सेंटरवाले उधाणातही आडोशाच्या जागा शोधून नेतात, तेव्हा तिथी जुळली नाही म्हणून सहल रद्द करू नका. पण निवड हातात असेल तर करा.

यात एक गोड पेच आहे. हॅवलॉकच्या किनाऱ्यावर रात्री पाणी ढवळलं की निळसर ठिणग्या उडतात, सूक्ष्म जीवांचा तो प्रकाश. तो अमावस्येच्या काळोखातच खरा दिसतो. म्हणजे डाइव्हला अष्टमी हवी आणि ठिणग्यांना अमावस्या. आठवडा मिळत असेल तर वद्य अष्टमीला सुरुवात करून अमावस्येला शेवट करा, दोन्ही साधतं.

दिवसांची मांडणी

आता ते शरीरशास्त्राचं कारण. दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. पुरेसा बाहेर पडायच्या आत विमानात बसलात, तर केबिनमधल्या कमी दाबामुळे त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखण्यापासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून एकच डाइव्ह केली असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास, अनेक दिवस किंवा एकाहून जास्त डाइव्ह असतील तर किमान १८ तास जायला हवेत. मी सरळ २४ धरतो. हिशेब करत बसावं लागत नाही.

त्यामुळे शेवटचा पूर्ण दिवस कोरडा असणार हे आधीच पक्कं. मग तो दिवस हॅवलॉकला खोलीत बसून घालवण्यापेक्षा पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेलसाठी ठेवा. तिथे घाईघाईत तासाभरात फिरण्यात अर्थही नाही. सकाळी कोठड्या आणि संग्रहालय, संध्याकाळी शो, दुसऱ्या दिवशी विमान.

साधारण असं आखा. पहिल्या दिवशी चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूरमार्गे वीर सावरकर विमानतळावर; वेळ जुळली तर त्याच दुपारच्या फेरीने हॅवलॉक, नाहीतर रात्र पोर्ट ब्लेअरला. दुसरा ते पाचवा दिवस कोर्स. सहावा दिवस मोकळा: कोर्स लांबला तर त्यासाठी, नाहीतर दोन निवांत डाइव्हसाठी. सातव्या दिवशी सकाळच्या फेरीने परत आणि जेल. आठव्या दिवशी विमान. ट्राय डाइव्हवालेही यातले दोन दिवस कमी करून हेच वापरू शकतात. राखीव दिवस मात्र कापू नका. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, आणि त्या दिवशी विमान असेल तर पैसे आणि झोप दोन्ही जातात.

खासगी फेऱ्या पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड-दोन तासांत पोचवतात, सरकारी थोडा जास्त वेळ घेते पण स्वस्त असते. हंगामात दोन्हींची तिकिटं विमानाच्या तिकिटासोबतच काढून टाका. राहायची जागा राधानगरला घेऊ नका. तो किनारा बेटाच्या पश्चिमेला आहे आणि डाइव्ह सेंटरं पूर्वेला, दोन नंबर ते पाच नंबर बीचच्या पट्ट्यात (हॅवलॉकला किनाऱ्यांना नंबर आहेत). घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला की पाचच्या सुमाराला उजाडतं आणि साडेपाचला दिवेलागण. बोटी सकाळी लवकर सुटतात. रात्री उशिरापर्यंत गप्पा मारायची सवय चार दिवस बाजूला ठेवावी लागेल.

सेंटर निवडताना

रेटिंगचे तारे सगळ्यांनाच पाच असतात. त्याऐवजी फोन करून चार प्रश्न विचारा. ट्राय डाइव्हला एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण? (एकास एक हवं. अंदमानात ते मिळतं.) इन्स्ट्रक्टरचा पाडी किंवा एसएसआय क्रमांक मिळेल का? बोटीवर ऑक्सिजन किट असतं का? आणि काही झालं तर जवळचं रिकंप्रेशन चेंबर (शरीरातले नायट्रोजनचे बुडबुडे विरघळवण्यासाठी पुन्हा दाबाखाली ठेवायची खोली) कुठे, तिथे पोचायचं कसं? चांगलं सेंटर या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खूश होतं.

पाचवी परीक्षा तिथे पोचल्यावर. तुम्हाला मेडिकल फॉर्म दिला का? तो न देता, "काही नाही होत मॅडम, आमच्याकडे सत्तर वर्षांच्या आजींनी केलंय," असं कुणी म्हणालं तर पैसे बुडाले तरी चालतील, पण उठा.

फॉर्मवर खोटं लिहू नका

दमा, फिट्स, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, फुप्फुसाचा कुठलाही जुना आजार, मधुमेह यातलं काही असेल तर फॉर्मवर 'होय' लिहावं लागतं आणि डॉक्टरांची सही लागते. हे घरूनच करून जा. हॅवलॉकला ऐनवेळी डॉक्टर शोधत फिरण्यात दिवस जातो. पंचेचाळिशीच्या पुढे असाल तर एकदा तपासणी करून घेतलेली बरी. गरोदरपणात डाइव्ह अजिबात नाही. पाळी असताना चालतं का, हा प्रश्न बायका संकोचाने विचारतात: चालतं, बरं वाटत असेल तर खुशाल करा. शार्क येतील वगैरे गोष्टी बिनबुडाच्या आहेत.

सर्दी असेल तर मात्र थांबायचं. नाक मोकळं करायच्या गोळ्या घेऊन खाली जाणं धोक्याचं, कारण गोळीचा परिणाम पाण्याखालीच ओसरला तर वर येताना कान अडकतात. आदल्या रात्री दारू नको. सकाळी रिकाम्या पोटीही नको आणि तुडुंब पुरी-भाजीही नको. केळं, टोस्ट, इडली एवढं पुरे. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, आणि ती झोप आणणारी नाही ना, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं.

विम्याचं एक. नेहमीच्या प्रवास विम्यात स्कूबा बहुतेकदा वगळलेली असते किंवा खोलीची मर्यादा असते. पॉलिसीतली ती बारीक अक्षरं वाचा. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, ही संस्था खास डायव्हर्ससाठी विमा देते. कोर्स करून पुढेही डाइव्ह करणार असाल तर तिच्याकडे बघा.

पाण्यातला पहिला तास

कमरेइतक्या पाण्यात उभे आहात. पाठीवर सिलिंडर, कमरेला शिशाची वजनं, अंगात बीसीडी नावाचं फुगणारं जाकीट. सगळं जड, बोजड, आणि आपण इथे कशाला आलो असं वाटायला लावणारं. रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणारा नळीचा तुकडा, तोंडात धरून डोकं पाण्याखाली घालायचं. पहिला श्वास घ्यायला शरीर चक्क नकार देतं. चेहऱ्याला पाणी लागलं की श्वास रोखायचा, हेच त्याला ठाऊक. मग घ्यायचा. हिस्स असा आवाज येतो, हवा कोरडी आणि थंड लागते. सोडताना कानाजवळून बुडबुडे खडखडत वर जातात. चार-पाच श्वासांनंतर खांदे खाली येतात. इथे घाई करणारा इन्स्ट्रक्टर नको. तुम्हीच सांगा, अजून दोन मिनिटं इथेच.

मास्कमध्ये पाणी शिरणार, हे गृहीत धरा. काढायची रीत सोपी आहे: मास्कची वरची कडा कपाळावर दाबायची, वर बघायचं आणि नाकाने जोरात हवा सोडायची, पाणी खालून निघून जातं. नाकाशी पाणी आल्यावर न घाबरता तोंडाने श्वास चालू ठेवणं, हीच यातली खरी कसरत. दाट मिशी असेल तर ओठावरची ओळ आणि नाक यांच्यामधला भाग जरा कातरून जा, तिथूनच गळती होते. चष्मा असेल तर नंबरचे मास्क मिळतात, आधी नंबर कळवा.

कानांचं तंत्र सगळ्यात महत्त्वाचं. घाट उतरताना कानात दडे बसतात, तसंच इथेही होतं, फक्त फार पटकन. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, आणि त्यातला सगळ्यात तीव्र बदल पहिल्या काही मीटरांतच असतो. म्हणून दुखायची वाट बघायची नाही. डोकं पाण्याखाली गेल्यापासून दर अर्ध्या-एक मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. कान सुटला नाही तर थोडं वर यायचं, परत करायचं. जोर लावून फुंकलं तर पडदा फाटू शकतो.

एक नियम मात्र कुठल्याही स्थितीत मोडायचा नाही: श्वास रोखून धरायचा नाही. १० मीटरवर भरलेली छाती तशीच धरून वर आलात, तर आतली हवा पृष्ठभागाशी येईपर्यंत दुप्पट होते, आणि तिला जायला जागा नसते. म्हणून सतत, सावकाश श्वास, आणि वर येणं मिनिटाला ९ मीटरपेक्षा हळू. कोर्सच्या डाइव्हमध्ये ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायला शिकवतात.

खुणांमध्ये आपल्या लोकांची एक चूक ठरलेली. सगळं छान आहे म्हणून अंगठा वर करतात. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'वर चला', आणि इन्स्ट्रक्टर इमानदारीने वर घेऊन जातो. 'ठीक आहे' म्हणायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा.

काय दिसेल, काय नाही

नवख्यांना बहुधा दोन नंबर बीचसमोरच्या नीमो रीफवर किंवा बोटीने लाइटहाउस, ॲक्वेरियम यांसारख्या जागी नेतात. पहिली गोष्ट ऐकू येते, दिसत नाही: तेल तडतडावं तसा सतत आवाज. छोट्या कोळंब्या नांगी आपटतात, त्यांचा. मधूनच करकर ऐकू आली तर आसपास पोपटमासा प्रवाळ खातोय. चोचीने खरवडलेला प्रवाळ पोटातून जाऊन वाळू होऊन बाहेर पडतो. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत त्याचा मोठा वाटा असतो. लाल रंग काही मीटरांतच मावळतो, त्यामुळे सगळं निळसर-करडं वाटेल. टॉर्च मारला की तोच खडक एकदम केशरी-जांभळा होतो.

क्लाउनफिश सापडायला कष्ट नाहीत, कारण ज्या सी ॲनिमोनमध्ये, म्हणजे खडकाला चिकटलेल्या झुलत्या तंतूंच्या जीवात, ते राहतात ते सहसा जागचं हलत नाही. मीटरभर लांब थांबलात तर त्यातला सगळ्यात मोठा मासा पुढे येऊन तुमच्या मास्ककडे रोखून बघतो. ती मादी, घराची मालकीण. ती मेली तर तिच्या खालचा नर मादी होतो. सिंहमासा, मोरे ईल, निळ्या ठिपक्यांचा स्टिंगरे, ट्रिगरफिश, कधी कासव: ही नवख्यालाही भेटणारी मंडळी. पट्टेरी समुद्रसाप दिसला तर स्थिर राहा. विष जहाल, पण स्वभाव गरीब. तो खडकाच्या फटी हुंगत जातो आणि श्वास घ्यायला सरळ वर निघतो, तेव्हा त्याच्या वाटेत येऊ नका एवढंच. टायटन ट्रिगरफिश अंडी राखत असेल तर मात्र मोठे मोठे डायव्हर पळताना बघाल. पाठीचा काटा ताठ झाला की आडवं पोहत लांब जायचं, वर नाही. त्याची हद्द नरसाळ्यासारखी वर रुंदावत जाते.

बॅराकुडांचे थवे, व्हाइटटिप शार्क, मऊ प्रवाळांनी मढलेले सुळके हे सगळं जॉनीज गॉर्ज आणि डिक्सन्स पिनॅकलला. पण त्या जागा खोल आणि प्रवाहाच्या, ॲडव्हान्स्ड कोर्सवाल्यांच्या. ही नावं स्थानिक करेन डायव्हर्सवरून पडली आहेत. करेन कुटुंबं १९२५ पासून बर्मातून येऊन अंदमानात वसली, आणि हॅवलॉकच्या डायव्हिंगचा पाया बऱ्याच अंशी त्यांनी घातला. तुमच्या बोटीवर करेन डाइव्ह मास्टर असेल तर त्याच्या मागेच राहा. तो जे दाखवेल ते एरवी दिसायचं नाही.

डुगाँग हा अंदमान-निकोबारचा राज्यप्राणी. समुद्री गवतावर चरणारा हा सस्तन प्राणी नील-हॅवलॉकच्या आसपास आहे, पण दिसलाच तर नशीब. जाहिरातीत पोहणारा हत्ती दिसला तर फसू नका. हॅवलॉकचा राजन २०१६ मध्येच गेला. आणि प्रवाळ सगळीकडे फोटोतल्यासारखे रंगीत नसतील. २०१० आणि २०१६ मध्ये पाणी तापून अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. काही उथळ भाग अजून भकास आहेत, काही सावरलेत.

मांटा रे किंवा व्हेल शार्क हेच डोक्यात असेल तर अंदमानच्या भरवशावर राहू नका, मालदीव गाठा. बा अटॉलमधल्या हनिफारू बेला मे ते नोव्हेंबर मांटा जमतात (तिथे डाइव्ह बंद, फक्त स्नॉर्केलिंग), आणि दक्षिण अरी अटॉलमध्ये व्हेल शार्क बारा महिने असतात. भारतीयांना तिथे पोचल्यावर व्हिसा मिळतो. लक्षद्वीपचं पाणीही अप्रतिम, पण तिथे प्रवेश परवाना लागतो, त्याची तजवीज बरीच आधी करावी लागते.

हात आवरा

प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर उभं राहायचं नाही, तारामासा पाण्याबाहेर काढून फोटो नाही, कासवाच्या पाठीला हात नाही. कुणी फोटोवाला समुद्री काकडी हातात ठेवू लागला तर नको म्हणा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली ती संरक्षित आहे. कठीण प्रवाळही त्याच कायद्याखाली येतात, आणि त्यात मेलेले, किनाऱ्यावर पडलेले तुकडेही आले. विमानतळावर बॅग स्कॅन होते. मुलांनी खिशात भरलेलं आधीच रिकामं करून घ्या.

मगरींबद्दल टूरवाले बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. २०१० मध्ये हॅवलॉकला स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका पर्यटक तरुणीचा मगरीने बळी घेतला होता. घाबरून जायचं कारण नाही, पण खाड्यांची तोंडं, खारफुटीजवळचं पाणी, पहाट आणि तिन्हीसांजेची वेळ टाळा. पाटी लावलेली असेल तर ती पाळा, आणि पोहावं का, हे हॉटेलवाल्याला नाही तर डाइव्ह सेंटरला विचारा.

बॅगेत काय

पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (सनस्क्रीन थापण्यापेक्षा बरा, पाण्यालाही आणि कातडीलाही), दोन पोहण्याचे कपडे, लवकर वाळणारा टॉवेल, बोटीवर वाऱ्यासाठी विंडचीटर, पाण्याची स्टीलची बाटली. वेटसूट, फिन्स, बाकी सारं सेंटर देतं. पहिल्याच सहलीआधी हजारोंची खरेदी करू नका. फार तर आपल्या चेहऱ्याला बसणारा मास्क घ्या. जॉली बॉय बेटाला जाणार असाल तर प्लास्टिक नेता येत नाही, हे लक्षात ठेवा. रोख रक्कम जवळ हवी, हॅवलॉकला एटीएम मोजकी आहेत आणि नेटवर्क मनात येईल तेव्हा रुसतं. ॲक्शन कॅमेरा पहिल्या दोन डाइव्हला खोलीवरच ठेवा. दोन्ही हात आणि सगळं लक्ष तेव्हा श्वासाला आणि कानांना हवं असतं.

परत आल्यावर

कान एक-दोन दिवस भरल्यासारखे वाटतील, ते चालतं. कानात काडी घालू नका. पण दुखणं वाढलं, पाणी येऊ लागलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. डाइव्हनंतरच्या पहिल्या दिवस-दोन दिवसांत सांधे ठणकणं, हातापायांना मुंग्या, विलक्षण थकवा, चक्कर, अंगावर चट्टे यातलं काही झालं तर प्रवासाचा शीण म्हणून झोपून राहू नका. लगेच सेंटरला फोन करा, विमान अजून व्हायचं असेल तर ते रद्द करा. घरी पोचलेले असाल तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की डाइव्ह केली होती, किती खोल, किती वेळ आणि शेवटची कधी. हे सगळं लॉगबुकात लिहिलेलं असतं, म्हणून प्रत्येक डाइव्हनंतर बोटीवरच ते भरून घ्या. संध्याकाळी आठवत नाही.